जराक्षीणता : कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील

वाढत्या वयात शरीरातील अनेक संस्थांची राखीव क्षमता एकाच वेळी घटते आणि किरकोळ आघातही पेलेनासा होतो, त्या अवस्थेला जराक्षीणता म्हणतात. ‘आजोबा आता फार थकले’ या बोलण्यातले थकणे ते हेच, दमणे नव्हे. वय, सहव्याधी (सोबतचे इतर आजार) आणि परावलंबन यांच्याशी तिची गल्लत होते. ऐंशी वर्षांची व्यक्ती काटक असू शकते आणि पासष्टीची क्षीण. शस्त्रक्रियेत आघात कधी आणि साधारण किती बसणार हे आधी ठाऊक असते, म्हणून तेथे क्षीणतेच्या मोजणीला विशेष महत्त्व आहे.

ती मोजायची कशी, यावर दोन मते आहेत आणि दोन्हींचे मूळ लेखन 2001 मधले. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील हृदयविकारविषयक एका पाहणीतल्या पासष्टीपुढील 5,317 व्यक्तींच्या नोंदींवरून पाच लक्षणे ठरवली : वर्षभरात नकळत सुमारे 4.5 किग्रॅ. किंवा 5 टक्के वजन घटणे, थकवा जाणवणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन किंवा अधिक लक्षणे असल्यास क्षीण, एक-दोन असल्यास पूर्वक्षीण. चालीची कसोटी सुमारे 4.57 मी. (15 फूट) अंतराची होती, 173 सेंमी. किंवा त्याहून कमी उंचीच्या पुरुषाला 7 सेकंद वा अधिक लागल्यास लक्षण धरले जाई. पार्किन्सन, पक्षाघात आणि ठळक बौद्धिक ऱ्हास असलेल्यांना या विश्लेषणातून वगळले होते. बुद्धीचा निकष पाचांत नाही, ते यामुळेच असावे.

कॅनडातील मिटनित्स्की व रॉकवुड यांच्या मते क्षीणता म्हणजे साचत गेलेल्या उणिवांची बेरीज. किमान तीसेक बाबी तपासून आढळलेल्या उणिवांना एकूण बाबींनी भागतात. 40 पैकी 10 उणिवा असल्यास निर्देशांक 0.25, आणि साधारण तेथूनच पुढे व्यक्तीला क्षीण मानतात. रॉकवुड यांची चिकित्सालयीन क्षीणता श्रेणी (2005) प्रथम सात पायऱ्यांची होती, पुढे नऊ पायऱ्यांची झाली. रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता पाहणारी ही श्रेणी रुग्णशय्येजवळ सर्वांत सोयीची ठरते. तीत आजच्या आजारपणातली नव्हे, तर सुमारे दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती नोंदवायची असते. हे विसरल्यास धडधाकट माणूसही क्षीण ठरतो. एकत्र कुटुंबात वृद्ध व्यक्ती बँक, स्वयंपाक, औषधे यांत लक्ष घालत नसेल, तर ‘करतात का’ यापेक्षा ‘करावे लागले तर जमेल का’ असे विचारणे योग्य. अमेरिकी शस्त्रक्रिया-नोंदींतून काढलेला पाच बाबींचा सुधारित निर्देशांक (मधुमेह, रक्तदाब, हृदय निकामी होणे, फुप्फुसाचा जुनाट विकार, परावलंबन) संशोधनात फार वापरला जातो. मात्र त्यातल्या चार बाबी सहव्याधींच्या आहेत. त्याला क्षीणतेचे माप म्हणणे धाडसाचे.

कर्करोगात आणखी एक पेच असतो. अन्ननलिकेच्या किंवा तोंडाच्या गाठीमुळे गिळता-चावता येत नाही आणि वजन उतरते. ही घट जरेची की गाठीची, हे फ्रीड यांच्या निकषांवरून कळत नाही. शिवाय पकडीचे मूळ आकडे अमेरिकी देहयष्टीचे आहेत. आशियाई स्नायुक्षय गटाने 2019 मध्ये सुचवलेल्या मर्यादा (पकड पुरुषांत 28, स्त्रियांत 18 किग्रॅ.हून कमी, पोटरीचा घेर अनुक्रमे 34 व 33 सेंमी.हून कमी) आपल्याकडे अधिक लागू पडतात. पोटरीला फक्त टेप लागते. पायांवर सूज असेल तर मात्र माप फसवे ठरते.

चाळणीसाठी आठ प्रश्नांची जी-8 चाचणी वापरतात. 17 पैकी 14 किंवा कमी गुण आल्यास सविस्तर वृद्धारोग्य तपासणी करतात. तिच्या जोडीला खुर्चीतून उठून 3 मी. चालत जाणे, वळणे आणि परत येऊन बसणे ही चाचणी घेतात. 20 सेकंदांहून अधिक वेळ धोक्याचा मानला जातो.

क्षीण रुग्णाचा घात बहुधा कापण्याच्या क्षणी होत नाही. पहिली गुंतागुंत पुढच्या गुंतागुंतीला वाट करून देते : रात्री संभ्रम, म्हणून झोपेचे औषध, त्याने गुंगी, मग घशातून फुप्फुसात अन्न जाऊन न्यूमोनिया. म्हणून डायझेपामसारखी औषधे टाळतात, चष्मा, कानयंत्र व कवळी शुद्धीवर येताच परत देतात, लघवीची नळी लवकर काढतात आणि शक्य असल्यास त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवतात. आदल्या रात्रीपासून पाणी तोडण्याची सवयही घातक. पोट रिकामे होण्यात अडथळा नसेल तर भूल देण्याच्या 2 तास आधीपर्यंत साधे पाणी चालते.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या साधारण चार आठवड्यांच्या तयारीत चालणे, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, दर किग्रॅ. वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅ. प्रथिने, रक्तक्षय असल्यास लोह आणि तंबाखू सोडणे यांचा समावेश असतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांची मात्रा तज्ज्ञाने ठरवावी. तयारीच्या लाभाबाबत पुरावा एकसारखा नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या क्षीण रुग्णांवरील मॉन्ट्रियलच्या चाचणीत (2020) 30 दिवसांतील गुंतागुंत घटली नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत गंभीर गुंतागुंत 29.7 वरून 17.1 टक्क्यांवर आली. पण दुसऱ्या चाचणीत क्षीण रुग्णच निवडलेले नव्हते, त्यामुळे हे निष्कर्ष थेट परस्परविरोधी मानू नयेत. आतडे अडल्यास चार आठवडे मिळतच नाहीत. तेव्हा आतड्यात जाळीची नळी (स्टेंट) बसवून किंवा पोटावर तात्पुरता मलमार्ग काढून वेळ मिळवतात.

क्षीणता आढळली म्हणून शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. तिचा आवाका बदलतो. संप्रेरक-ग्राही (संप्रेरकांच्या प्रभावाने वाढणाऱ्या) स्तनकर्करोगात आयुर्मर्यादा कमी दिसत असल्यास केवळ संप्रेरकरोधी गोळ्यांवर ठेवण्याचा पर्याय असतो. गुदाशयातील लहान, सुरुवातीच्या गाठीत पूर्ण भाग न काढता स्थानिक छेदन करता येते. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा आहे.