पर्यावरणपूरक पादत्राणं

बनवताना प्रदूषण कमी करणारी, जास्त टिकणारी आणि झिजली तर दुरुस्त होणारी, नाहीच झाली तर सुटी करून परत वापरात आणता येणारी चप्पल किंवा बूट, याला पर्यावरणपूरक पादत्राण म्हणतात. दुकानात हिरवं लेबल लावलेलं बरंच काही मिळतं, पण खरी मेख मटेरियलपेक्षा जोडणीत आहे.

साधा रनिंग शूज घ्या, वर पॉलिएस्टरची जाळी, मध्ये ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा फोम, खाली रबर, आणि सगळं सोल्युशनने असं चिकटवलेलं की सुटं करायला गेलं की फाटतंच, मग रिसायकल काय करणार? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा एका जोडाचा हिशोब मांडला: ६५ सुटे भाग, ३६० प्रोसेस आणि साधारण १४ किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा कारखान्यातल्या कामाचा, कारण बारीक बारीक भाग साच्यात ओतून बनवायला वीज खूप लागते आणि असे बरेचसे कारखाने चीनमध्ये, तिथली वीज मुख्यतः कोळशावरची. म्हणजे नुसतं कापड बदलून फारसं भागत नाही.

यावर आदिदासने २०१९ मध्ये फ्यूचरक्राफ्ट लूप नावाचा बूट दाखवला, सोलपासून लेसपर्यंत सगळं टीपीयू या एकाच प्लास्टिकचं, गोंद अजिबात नाही, जुना झाला की दळायचा आणि वितळवायचा. आयडिया भारी, फक्त गिऱ्हाइकाने जुना बूट आठवणीने परत द्यायला हवा ना! ऑलबर्ड्स या अमेरिकन बूट कंपनीने २०१८ मध्ये ब्राझीलच्या उसापासून ईव्हीए फोम आणला. खनिज तेल वाचलं हे खरं, पण शेवटी तो ईव्हीएच, उसाचा आहे म्हणून मातीत कुजत नाही.

आपल्याकडची कोल्हापुरी या हिशोबात बरीच पुढे आहे. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, त्यामुळे क्रोमियमने चामडं कमावताना निघतं तसलं घातक सांडपाणी नाही, वेळ मात्र कित्येक दिवस जातो. शिवण चामड्याच्याच वादीची, ती तुटली तर परत घालून मिळते. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून तिचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. अगदीच निर्दोष नाही हां, चामडं म्हटलं की गुरांचा मिथेन आलाच, आणि पावसाळ्यात ती भिजवली की वाट लागते. बाजारात कोल्हापुरी म्हणून रेक्झिनची, सोल्युशनने चिकटवलेली चप्पलही मिळते, तिला यातलं काहीच लागू नाही.