पोटात अजून गाडी चालतेय

बाबांनी बडोदा-अहमदाबाद अपडाउन २२ वर्षं केलं. जाऊन-येऊन रोज सुमारे २०० किलोमीटर. रात्री दांडिया बाजारातल्या घरी झोपाळ्यावर टेकले की म्हणायचे, "पोटात अजून गाडी चालतेय." पाठ नाही, पाय नाही, त्यांनी नाव पोटाचंच घेतलं. ते किती अचूक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा रेटा देत राहिलं की तो चढत जातो. बसलेल्या माणसाचंही तसंच. कणा, खांदे, पोटातले अवयव हे सगळे आपापल्या लयीत हलू शकतात. वरखाली हादरे सेकंदाला ४ ते ८ या वेगाने बसले की ती लय जुळते आणि शरीर हादरा वाढवून घेतं. आडव्या हेलकाव्यांना आपण सेकंदाला १ ते २ या पट्ट्यात सर्वांत हळवे असतो. म्हणून सीटवर नुसती जाड गादी घालून भागत नाही. मऊ गादी चुकीच्या लयीची निघाली तर त्रास वाढतो.

खरा उपाय डब्याखाली असतो. चाकांची चौकट आणि डबा यांच्यामध्ये पूर्वी लोखंडी स्प्रिंग असे. आता अनेक गाड्यांत हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. त्यांच्यावर डबा सेकंदाला साधारण एकदाच संथ डुलतो, त्यामुळे खालून येणारे जलद हादरे वर फारसे पोचत नाहीत. लोखंडी स्प्रिंग इतकी मऊ केली, तर गर्दी चढताच डबा खाली बसेल. हवेच्या पिशवीत मात्र वजन वाढलं की झडप आणखी हवा आत सोडते आणि डब्याची उंची तीच राहते. मऊपणा हवा, पण खचणं नको, हा पेच इतक्या साध्या युक्तीने सुटला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

बसायची दिशाही महत्त्वाची. बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यात इंदूर मेट्रोचे डबे बनले आणि दिल्ली-मेरठ मार्गावरची नमो भारत ही जलद गाडीही. मेट्रोत भिंतीलगत लांब बाकं, कारण प्रवास छोटा आणि उभ्यांना जागा हवी. पण गाडीने जोरात वेग घेतला की ६० किलोच्या माणसाला सुमारे ६ किलोचा रेटा बाजूने बसतो, आणि तिथे टेकायला काही नसतं. नमो भारत ताशी १६० किलोमीटरने धावते, तिथे दोन-दोनच्या आडव्या सीट आहेत. तोच रेटा तिथे पाठ झेलते. तासभराच्या प्रवासाला मला हीच रचना योग्य वाटते.

याच सावलीतून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला ६ डब्यांच्या ७५ गाड्या गेल्या. तिथे दिव्यांगांच्या संघटना या गाड्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या. स्वच्छतागृहाशेजारची वाट व्हीलचेअरला पुरेशी रुंद नव्हती. २०१८मध्ये चौकशी झाली आणि तयार गाड्या पुन्हा खोलून आतली रचना बदलावी लागली.

बाबा आता व्हीलचेअरवर आहेत. नव्या गाडीचे फोटो दाखवले की ते सीटकडे बघतच नाहीत. फोटो बोटांनी मोठा करतात आणि दाराचा उंबरठा फलाटाला किती टेकलाय, ते बघतात.