मूकपट गेले कुठे?

'राजा हरिश्चंद्र' बघितलाय असं आज कोणी म्हणालं तर त्याने पहिलं आणि शेवटचं रीळ बघितलेलं असतं, कारण चार रिळांपैकी तेवढीच दोन शिल्लक आहेत, आणि तीसुद्धा १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास परत शूट केलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. भारतात हजारावर मूकपट बनले, आज पूर्ण बघता येतात ते हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. मला या गोष्टीचं खरंच फार वाईट वाटतं.

हे असं का झालं ते कळायला आधी तेव्हाची फिल्म कशाची असायची ते बघायला लागतं. सेल्युलोज नायट्रेट. दारूगोळ्यात वापरतात त्या गनकॉटनच्याच जातीचं, फक्त पारदर्शक आणि लवचिक. एकदा पेटलं की पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या आतच असतो. आणि नाही पेटलं तरी उकाड्यात, दमट हवेत डब्यातल्या डब्यात चिकट होऊन शेवटी भुकटी होते, म्हणजे आपला पावसाळा आणि ही फिल्म यांचं जमणं कठीणच होतं.

२८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसला ल्युमिएर बंधूंचा पहिला तिकीट लावून केलेला शो झाला आणि ७ जुलै १८९६ ला, म्हणजे साधारण सहा महिन्यांत, तोच खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात, तिकीट एक रुपया. ते बघून भारावलेले सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, त्यांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली, पण फिल्म धुवायला पाठवली लंडनला, कारण इथे सोयच नव्हती.

ती सोय घरात उभी केली फाळक्यांनी. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ त लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा पाडलेली नसायची, ती अंधारात बसून पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या, दिवसा युनिटचा स्वयंपाक आणि रात्री हे, आणि आपण 'चित्रपटाचे जनक' म्हणताना त्यांचं नाव घेत नाही हे मला अजिबात पटत नाही. ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, बायका पडद्यावर आल्या त्या पुढच्या सिनेमात.

कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनवला! भाऊ आनंदराव आणि ते दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, आनंदराव १९१६ मध्ये वारले तरी बाबुरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि त्याच्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० साली. १९२५ चा 'सावकारी पाश', शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो त्याची गोष्ट, तरुण शांतारामबापू (व्ही. शांताराम) त्यात शेतकरी झाले होते. बघितलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहीत, बाकी मूळ फिल्म नाही.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात पहिला बोलपट 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा', आणि बघता बघता मूकपटाला गिऱ्हाईकच उरलं नाही. मग त्या रिळांचं करायचं काय? फिल्मवर चांदी असते, ती काढून घ्यायची नाहीतर डबे तसेच पडू द्यायचे. आगीने जितकं नेलं तितकंच या 'आता काय उपयोग' ने नेलं असं माझं मत आहे. आणि गंमत नव्हे, दुःख हे की खुद्द 'आलम आरा'ही वाचला नाही.

जतन करायला सरकारी संग्रहालय पुण्यात उभं राहिलं ते १९६४ साली, मूकपटाचा काळ संपून तीस वर्षं होऊन गेल्यावर. त्या संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे जमवले म्हणून फाळक्यांचं आज जे काही आहे ते आहे. त्यानंतरही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या जुन्या प्रभातच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि बरंच काही कायमचं गेलं.

'कालिया मर्दन' (१९१९) मात्र बराचसा वाचलाय. त्यात सुरुवातीला फाळक्यांची लेक मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, राग, हसू, रडू, आणि मग तीच कृष्ण होते. लहानशी पोर आहे. कधी संधी मिळाली तर तेवढा तुकडा तरी बघाच.