दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

'रोज दहा हजार पावलं झाली नाहीत तर चालणं फुकट', हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आकडा तीन हजारांवर अडकला की बरेच आजी-आजोबा चालणंच सोडून देतात. हा आकडा कुठल्या ठोस वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. होती जाहिरात, झालं शास्त्र!

अमेरिकेत २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साडेसात हजारांपुढे फारसा फरक नव्हता. (अभ्यासात नुसतं निरीक्षण होतं, कुणाला मुद्दाम जास्त चालायला लावलं नव्हतं; त्यामुळे सगळं श्रेय पावलांना देता येत नाही.)

म्हणून आधी आठवडाभर आहेत तेवढी पावलं नुसती मोजा. मग पाचशेची भर, तीही रोजच्या सवयीला बांधून: टीव्हीवर जाहिराती लागल्या की खुर्चीतून उठायचं, त्या संपेपर्यंत घरातच येरझाऱ्या. 'बाबा, फिरायला जात जा' यापेक्षा हे सोपं. तोल जात असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.