चिकटचित्रातून रंगशिक्षण

रंगीत कागद, मासिकांची पाने, कापडाचे तुकडे फाडून किंवा कापून चिकटवलेल्या चित्राला चिकटचित्र म्हणतात. शाळेत रूढ शब्द कोलाज किंवा चिकटकाम. ‘कोलाज’ या फ्रेंच शब्दाचा अर्थही चिकटवणे असाच आहे. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास या तंत्राला आधुनिक चित्रकलेत स्थान मिळवून दिले. पुण्यातल्या शाळांत पाचवी ते आठवीच्या चित्रकलेच्या तासाला ते बहुधा ‘हस्तकला’ म्हणून उरकले जाते. खरे तर रंग शिकवायला इतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

रंगज्ञानाची सुरुवात रंगचक्राने होते : लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग; त्यांच्या मिश्रणातून नारिंगी, हिरवा, जांभळा; पुढे उष्ण-शीत आणि विरोधी, म्हणजे चक्रात समोरासमोर येणाऱ्या रंगांची, रंगसंगती. मुले चक्राची बारा घरे रंगवतात, नावे पाठ करतात. पण शेंदरीकडे झुकणारा लाल निळ्यात मिसळला की जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी तयार होतो, कारण त्या लालमध्ये पिवळ्याचा अंश असतो आणि तिन्ही मूळ रंग एकत्र येतात. किरमिजी घेतला तर जांभळा जमतो. हे कुणी सांगितले नाही तर मूल स्वतःच्या हातालाच दोष देते.

कागदाचा रंग मळत नाही, आणि चिकटवण्याआधी तो हवा तितक्या वेळा हलवून पाहता येतो. एकाच करड्या कार्डशीटचे दोन चौकोन कापावेत. एक पिवळ्या घोटीव कागदावर ठेवावा, दुसरा जांभळ्यावर. पिवळ्यावरचा करडा जांभळट आणि गडद वाटतो, जांभळ्यावरचा पिवळसर आणि उजळ. ‘बाई, तुम्ही दोन वेगळे कागद घेतलेत!’ अशी तक्रार वर्गातून हमखास येते. मग त्याच करड्याची पट्टी दोन्ही चौकोनांना जोडून ठेवायची, फरक नाहीसा होतो.

या परिणामाची पद्धतशीर मांडणी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये केली. पॅरिसमधल्या गोबलँ येथील विणकामाच्या कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. शेव्रल यांना दोष रंगात नव्हे, शेजारच्या धाग्यांत आढळला. पुढे अमेरिकेत चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स यांनी विद्यार्थ्यांना रंगांऐवजी रंगीत कागदावरच हा अभ्यास करायला लावला.

पुण्यातल्या मुलाला विरोधी रंगसंगती नव्याने समजावी लागत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात आईबरोबर तासभर थांबलेल्या मुलाने ‘कॉन्ट्रास्ट ब्लाउज’ हा शब्द ऐकलेला असतो, हिरव्या साडीला लाल काठ पाहिलेला असतो. पोपटी, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी ही घरातली नावे रंगचक्रावर कुठे बसतात हे शोधायला लावले, तर बारा घरे अपुरी पडतात, आणि तो तास सर्वांत रंगतो. शिंप्याकडच्या चिंध्या यासाठी फुकट मिळतात.

घोटीव, पतंगी, क्रेप कागद अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात मिळतात. घोटीव कागद एकाच बाजूने रंगीत असल्याने फाडल्यावर कडेला पांढरी रेघ उमटते. काही मुले तिचा लाटेचा फेस करतात. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. टिकण्यासाठी तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असल्याने मुलांच्या वर्गात टाळावे.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्राच्या पेपरला रंगसंगती लागते, पण तिथे काम रंग-कुंचल्याचे. त्यामुळे सातवी-आठवीत परीक्षेची तयारी सुरू झाली की कात्री आणि खळ कपाटात जातात. त्यातून गणिताचे सर अधूनमधून चित्रकलेचा तास मागून घेतात, तो वेगळाच.

रद्दीतून आणलेल्या पुरवणीचे हिरवे पान भिंगाखाली धरले की आकाशी आणि पिवळे ठिपके सुटे दिसतात. छपाईत मूळ रंग आकाशी, किरमिजी गुलाबी आणि पिवळा असे असतात, जोडीला काळा. ‘मग लाल मूळ रंग कसा?’ हा प्रश्न इथे कुणीतरी विचारतेच, आणि त्याला उत्तर द्यायला आणखी एक तास लागतो.