ठाणेदारांची प्रायमरी : डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघाची पार्श्वभूमी

मराठी वाचकाला श्री ठाणेदार माहीत आहेत ते उद्योजक म्हणून. बेळगावातल्या ओढगस्तीच्या घरातून अमेरिकेला गेलेला, तिथे कंपनी उभी करून कोट्यधीश झालेला माणूस, ही ओळख त्यांच्या मराठी आत्मकथनामुळे घरोघरी पोचली. २ ऑगस्ट २०२२ रोजी डेट्रॉइटमधल्या मतदारांसमोर ते काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभे होते, तेव्हा प्रश्न वेगळेच विचारले जात होते. तुम्ही राहता कुठे? आलात कधी? आणि ही जागा कोणाची?

आपल्याकडे तिकीट दिल्लीतून किंवा मुंबईतून मिळतं. अमेरिकेत ते मतदार देतात, प्रायमरी नावाच्या पक्षांतर्गत निवडणुकीतून. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाचा सभासद म्हणून नाव नोंदवावं लागत नाही. मतपत्रिकेवर त्याने कोणत्याही एकाच पक्षाचा रकाना निवडायचा, इतकंच बंधन. काँग्रेसच्या जागेसाठी दुसरी फेरीही नसते. सर्वाधिक मतं ज्याला तो उमेदवार, मग ती मतं पन्नास टक्क्यांच्या कितीही खाली असोत. डेट्रॉइटसारख्या डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यात नोव्हेंबरची निवडणूक हा निव्वळ उपचार असतो, खरा निकाल ऑगस्टमध्येच लागतो. उमेदवार नऊ आणि दुसरी फेरी नाही, या गणितात मतविभागणी हाच सर्वांत मोठा मुद्दा ठरतो.

ही जागा कोणाची, या प्रश्नामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. जानेवारी १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये गेले, मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय खासदार. त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येचा खटला चालला, तेव्हा ते प्रेक्षक म्हणून तिथल्या न्यायालयात जाऊन बसले होते. त्या काळात त्या राज्यात हे करायला छाती लागत होती. १९६४ मध्ये जॉन कॉन्यर्स निवडून आले आणि २०१७ च्या डिसेंबरपर्यंत खासदार राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असावी हे विधेयक किंग यांच्या हत्येनंतर चार दिवसांत त्यांनीच मांडलं होतं. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स कितीतरी वर्षं त्यांच्या डेट्रॉइटच्या कार्यालयात नोकरीला होत्या. म्हणजे ही नुसती जागा नव्हती, नागरी हक्क चळवळीच्या एका शाखेचा तो पत्ता होता.

शहर मात्र आटत गेलं. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती सुमारे ६ लाख ३९ हजार भरली. मोटार कारखाने गेले, गोरे उपनगरांत गेले, मग ऐपत असलेले कृष्णवर्णीयही गेले. २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. २०२० नंतर मिशिगनची काँग्रेसमधली एक जागा कमी झाली, १४ च्या १३ झाल्या. नकाशा या वेळी आमदारांनी नाही, तर तेरा सामान्य नागरिकांच्या आयोगाने आखला. २०१८ च्या सार्वमतातून हा आयोग आला होता आणि हेतू चांगलाच होता. पण नव्या १३ व्या मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग, हॅमट्रॅमक आणि हायलँड पार्क यांना ग्रोस पॉइंटची श्रीमंत वस्ती आणि दक्षिणेकडची टेलर, वायनडॉटसारखी कामगार उपनगरं जोडली गेली. कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याखाली आलं. खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली, रशिदा तलैब शेजारच्या १२ व्या मतदारसंघात गेल्या, आणि १३ वी जागा मोकळी झाली.

ठाणेदारांचा जन्म १९५५ चा, म्हणजे डिग्ज खासदार झाले त्याच वर्षीचा. जन्मगाव चिकोडी, बालपण बेळगावात. ते चौदा वर्षांचे असताना वडिलांची नोकरी संपली. घरात भावंडं भरपूर, तेव्हा मिळेल ते काम करत शिक्षण झालं. अठराव्या वर्षी रसायनशास्त्राची पदवी, १९७७ मध्ये मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., काही काळ भाभा अणुसंशोधन केंद्रात काम. १९७९ साली ओहायोतल्या ॲक्रन विद्यापीठात गेले आणि १९८२ मध्ये पीएच.डी. झाले. १९९१ मध्ये पंचाहत्तर हजार डॉलरचं कर्ज काढून सेंट लुइसमधली केमीर ही छोटी प्रयोगशाळा विकत घेतली आणि वाढवली. आत्मकथन वाचलेल्यांना हे सगळं तोंडपाठ असेल.

विरोधकांनी प्रचारात मात्र पुढची प्रकरणं काढली. कर्जावर केलेला विस्तार २००८ च्या मंदीत सापडला आणि २०१० मध्ये बँकेने कंपन्या ताब्यात घेतल्या. त्यातली न्यू जर्सीची एक प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा शंभराहून अधिक बीगल कुत्री आणि काही डझन माकडं आत अडकली. ताबा बँकेकडे होता, माझ्या हातात काही उरलं नव्हतं, असं ठाणेदारांचं म्हणणं. प्राणी अखेर वाचले आणि त्यांना नवी घरं मिळाली, पण अमेरिकन मतदार कुत्र्यांच्या बाबतीत फार हळवा आहे आणि ही गोष्ट प्रत्येक निवडणुकीत वर येते. ठाणेदारांनी त्यानंतर ॲन आर्बरला ॲव्होमीन ही नवी प्रयोगशाळा काढली आणि २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला. राजकारणातला पैसा मुख्यतः तिथून आला.

पहिली उडी थेट मिशिगनच्या राज्यपालपदासाठी होती, तिथे हे पद मतदार निवडून देतात. २०१८ च्या त्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले. लोक त्यांचं नाव उच्चारताना अडखळतात अशी जाहिरात सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी दूरचित्रवाणीवर झळकली. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, अब्दुल अल-सय्यद दुसरे आले, ठाणेदार जवळपास १८ टक्के मतांसह तिसरे. पण डेट्रॉइट शहरात त्यांना मिळालेली मतं मुरलेल्या पुढाऱ्यांनाही अनपेक्षित होती. ठाणेदारांनी तो आकडा बरोबर वाचला. ते ॲन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला आले, २०२० मध्ये राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले, आणि तिथली पहिलीच मुदत संपण्याआधी काँग्रेसच्या मैदानात उतरले. उपरा उमेदवार हा शिक्का त्यांच्यावर बसला तो यामुळे.

कार्यक्रमाकडे पाहिलं तर नऊ जणांत फरक शोधावा लागतो. ठाणेदारांची घोषणा होती सामाजिक, वांशिक आणि आर्थिक न्यायाची. सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा, ताशी १५ डॉलर किमान वेतन, बालशिक्षण आणि गरिबीनिर्मूलन ही त्यांची मुख्य कलमं. गर्भपाताचा हक्क तर नुकताच पेटलेला विषय होता, सर्वोच्च न्यायालयाचा तो हक्क काढून घेणारा निकाल जूनच्या अखेरीस आला होता. त्यावर डेमोक्रॅट उमेदवारांत मतभेद नव्हताच. शंका होती ती निष्ठेची. त्यांनी २००८ मध्ये रिपब्लिकन जॉन मॅककेन यांना देणगी दिली होती, हे २०१८ पासूनच बोललं जात होतं.

परराष्ट्र धोरणाने मात्र लढतीला वेगळी कलाटणी दिली. राज्याच्या सभागृहात ठाणेदारांनी इस्रायलची मदत थांबवण्याची मागणी करणाऱ्या ठरावाला सहप्रस्तावक म्हणून नाव दिलं होतं. आयपॅक या इस्रायलसमर्थक गटाशी जोडलेल्या निधीसंस्थेने त्यांच्या विरोधात, राज्य सिनेटर ॲडम हॉलियर यांच्यासाठी, चाळीस लाख डॉलरहून अधिक खर्च केला. डेट्रॉइट ज्यात येतं त्या वेन काउंटीचे (जिल्ह्याचे) प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने बसलेल्या समितीनेही हॉलियरच निवडले. कृष्णवर्णीय मतं एकाच उमेदवारामागे उभी राहावीत, हा तिचा हेतू होता. पण बाकीच्यांनी माघार घेतली नाही. फोकस होप संस्थेच्या प्रमुख पोर्शिया रॉबर्सन राहिल्या, कॉन्यर्स यांचे चिरंजीवही राहिले.

ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली, हॉलियर यांना २३ च्या वर, रॉबर्सन यांना १७ च्या आसपास. फरक चार हजार मतांच्या आतला. केवळ पैशाने जागा विकत घेतली असं म्हणणं मला सोपं वाटतं, कारण हॉलियरमागेही पैशाचा तोटा नव्हता. मतं फुटली, हे जास्त खरं. नोव्हेंबरमध्ये ठाणेदार आरामात निवडून आले आणि १९५५ नंतर प्रथमच डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही.

पुढे इस्रायलबाबत त्यांची भूमिका पूर्ण फिरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका या इस्रायलवर टीका करणाऱ्या डाव्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं. २०२४ च्या प्रायमरीत हॉलियर पुन्हा उभे राहणार होते, पण अर्जावरच्या पुरेशा सह्या वैध ठरल्या नाहीत आणि नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. ठाणेदारांनी नगरसेविका मेरी वॉटर्स यांना हरवलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची कलमं मांडली, मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला लावण्याचा आग्रह स्वपक्षीयांच्या नाराजीनंतर सोडला. त्याच एप्रिलमध्ये डेट्रॉइटमध्ये वाढलेले राज्य प्रतिनिधी डोनाव्हन मॅकिनी यांनी २०२६ साठी त्यांना आव्हान दिलं, जस्टिस डेमोक्रॅट्स या पक्षातल्या डाव्या गटाच्या पाठिंब्याने. त्यांच्या प्रचाराचा रोख कोट्यधीश खासदारावर होता.