तिकडची खबर, इकडची थकबाकी

दहाव्याच्या घाटावर एक वेळ अशी येते की गुरुजींचं सांगून झालेलं असतं, पिंड मांडलेले असतात आणि सगळे नातेवाईक मागे सरून झाडाकडे बघत उभे असतात. कावळा काही येत नाही. मग कुजबुज सुरू होते, काय बरं राहिलं असेल मनात? कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं, "दादा, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत." तरी नाही. "जमिनीवरून भांडणार नाही, शब्द देतो." कावळा शिवला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मंडळी घरी जातात.

मेलेल्या माणसाकडून येणारा निरोप आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेला असतो तो असा. गंमत म्हणजे या निरोपात तिकडचं अवाक्षर नसतं. गेलेला माणूस कुठे पोचला, तिथे कसं आहे, कोण भेटलं, यातलं काही कोणी विचारतही नाही. सगळी बोलणी इथल्या थकबाकीची. तिकडचं हवं असेल तर गरुडपुराण आहेच. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताचं शरीर अवयवाअवयवाने कसं घडतं, वैतरणी कशी लागते, यमाच्या नगरीपर्यंतची वर्षभराची वाट कशी आहे, सगळं मुक्कामांच्या नावांसकट लिहून ठेवलेलं. नकाशा आधीच तयार असल्यावर प्रवाशाला वाटेची हकिकत कोण विचारणार?

विचारणारे निघाले नाहीत असं मात्र नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत भुज्यु लाह्यायनी याज्ञवल्क्याला एक जुना प्रसंग सांगतो. आम्ही मद्र देशात हिंडत असताना पतंचल काप्याच्या घरी उतरलो, त्याच्या मुलीला गंधर्वाने धरलं होतं. आम्ही विचारलं, तू कोण? तो म्हणाला, सुधन्वा आंगिरस. मग आम्ही त्याला लोकांचे अंत विचारले आणि पारिक्षित कुठे गेले हेही विचारलं. अंगात आलेल्या मुलीच्या तोंडून, होऊन गेलेल्या राजांचा ठावठिकाणा! या दृश्यात आणि मृतांना बोलावण्याच्या नंतरच्या युरोपातल्या बैठकांमध्ये फरक फार थोडा आहे. भुज्यु ती माहिती परीक्षेसाठी वापरतो. आता तू सांग, पारिक्षित कुठे गेले? याज्ञवल्क्य सांगतो, अश्वमेध करणारे जातात तिथे. कठोपनिषदातल्या नचिकेत्याने तर थेट यमालाच गाठलं, आणि यमाने उत्तर टाळायला हत्ती, घोडे, सोनं, सगळं देऊ केलं.

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात व्यास एका रात्रीपुरते युद्धात मेलेले सगळे वीर गंगेतून वर आणतात. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विधवा सुना, सगळे आपापल्या माणसांना भेटतात, रात्रभर. वैर उरलेलं नाही. पहाटे ते परत पाण्यात जातात आणि ज्यांना जायचंय त्या बायका पाण्यात शिरून नवऱ्यांमागे जातात. एवढी मोठी भेट, पण परलोकाचं वर्णन म्हणून वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही. भेट झाली, हेच सगळं. पैठणला एकनाथांच्या श्राद्धाला पितर स्वतः येऊन जेवले, ही आख्यायिकाही त्याच वळणाची. जेवले आणि गेले.

परलोकाची बातमी नियमित यायला लागली ती १८४८ पासून, अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स कुटुंबाच्या घरात मार्चअखेरीस ठकठक ऐकू येऊ लागली. मॅगी आणि केट या लहान मुलींनी टाळ्या वाजवून विचारायचं, ठोक्यांनी उत्तर यायचं. हा कोणी खून झालेला फेरीवाला आहे, असं ठोके मोजून ठरलं. मोर्सची तार वॉशिंग्टन ते बाल्टिमोर धावून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. न दिसणारा माणूस ठोक्यांच्या लिपीत दुरून बोलतो ही कल्पना लोकांच्या सवयीची होत होती, आणि परलोकाशी चालणाऱ्या या व्यवहाराला आध्यात्मिक टेलिग्राफ म्हणायला कोणाला अवघड गेलं नाही.

चार-पाच वर्षांत हे लोण युरोपभर गेलं. फ्रान्समध्ये चाकं लावलेली, पेन्सिल खोचलेली फळी आली, तीच प्लँचेट. पॅरिसमध्ये आलाँ कार्देक या टोपणनावाने लिहिणाऱ्या शिक्षकाने १८५७ मध्ये आत्म्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं यांचं पुस्तकच काढलं. त्यातून उभ्या राहिलेल्या पंथाचे सगळ्यात जास्त अनुयायी आज ब्राझीलमध्ये आहेत. बाल्टिमोरमध्ये १८९१ साली ‘वीजा’ या अक्षरफळीचं पेटंट निघालं आणि मृतांशी बोलणं दुकानात विकत मिळू लागलं.

बैठकीत सगळ्यांनी हात टेकले की टेबलं फिरतात हे लोक डोळ्यांनी बघत होते, तेव्हा नुसतं थोतांड म्हणून भागत नव्हतं. ते नीट तपासलं शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने, १८५३ मध्ये. त्याने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून मध्ये मऊ चिकट गोळ्या लावल्या, वर बसणाऱ्यांचे हात आणि खाली टेबल. टेबल आपोआप फिरत असतं तर खालचा पुठ्ठा आधी सरकून वरचे मागे राहायला हवे होते. झालं उलट. वरचे पुठ्ठे पुढे गेले होते, म्हणजे हात टेबलाला ढकलत होते आणि बसणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मग त्याने एक काडी अशी जोडली की हाताचा दाब पडला की ती हलताना दिसावी. ती डोळ्यांसमोर असेपर्यंत टेबल हललं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात सुरेख प्रयोग, कारण फॅरेडेने कोणाला लबाड ठरवलं नाही. माणसं खरी होती, स्नायू त्यांच्या नकळत काम करत होते.

फॉक्स बहिणींचं तसं नव्हतं. मॅगीने ऑक्टोबर १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकच्या रंगमंचावर, भर सभेत, पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले आणि सगळी हीच करामत होती म्हणून कबुली दिली. पुढच्या वर्षी ती कबुली तिने मागेही घेतली. दोघी बहिणी गरिबीत मेल्या. चळवळीला मात्र काही झालं नाही.

होणार कसं? पहिल्या महायुद्धाने घराघरांत एक रिकामी खुर्ची ठेवली होती. बिनतारी संदेशाच्या संशोधनात मोठं नाव असलेले सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड सप्टेंबर १९१५ मध्ये ईप्रजवळ मारला गेला. पुढच्या वर्षी लॉज यांनी त्याच्याच नावाचं पुस्तक काढलं, त्यात माध्यमांमार्फत, म्हणजे ज्यांच्या तोंडून मृत बोलतात असं मानलं जाई अशा माणसांमार्फत, आलेले त्याचे निरोप होते. पलीकडे घरं आहेत, झाडं आहेत. नव्याने आलेल्या काहींना सिगार हवे असतात, व्हिस्की-सोडा हवा असतो, आणि तोही तिथे बनवून मिळतो. टीकाकारांनी या सिगारवरून लॉजना सोलून काढलं. पण पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, कारण चिखलात मेलेला मुलगा तिकडे सुखात आहे एवढंच वाचणाऱ्या आईबापांना हवं होतं. त्यांना कावळ्याच्या निरोपाचा काही उपयोग नव्हता. पोरांनी मागे थकबाकी ठेवलीच नव्हती, तेवढं वयच नव्हतं.

शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल त्याच वाटेचे. त्यांची जादूगार हूडिनीशी चांगली मैत्री होती. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटीत लेडी डॉयल यांच्या हातून हूडिनीच्या आईचा निरोप उतरला, पानंच्या पानं, इंग्रजीत, माथ्यावर क्रूस काढलेला. आई रब्बीची बायको, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. हूडिनी तेव्हा गप्प बसला, नंतर बोलला आणि मैत्री तुटली. तो ३१ ऑक्टोबर १९२६ ला गेला. त्याच्या बायकोने दहा वर्षं दरसाल त्या तारखेला बैठक बसवली आणि १९३६ मध्ये हॉलिवूडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बसवून थांबवली.

मुंबईशी याचा धागा जुळतो तो थिऑसॉफिकल सोसायटीमुळे. तिचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, आधी गिरगावात, मग ब्रीच कँडीला राहिले आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यारला गेले. पण बाईंचं म्हणणं नेमकं उलटं होतं. बैठकीत जे बोलतं तो आत्मा नसून मागे राहिलेलं रिकामं कवच असतं, असं त्या शिकवत. त्यांची पत्रं यायची ती जिवंत महात्म्यांची. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्या वतीने रिचर्ड हॉजसन अड्यारला येऊन तपास करून गेला आणि १८८५ च्या अहवालात ती सगळी बनवाबनवी ठरली.

आपल्या घरांत आणि वसतिगृहांत प्लँचेट रुजलं ते वाटी किंवा नाणं घेऊन. कागदावर अक्षरं, आकडे, हो आणि नाही, मेणबत्ती, आणि बोलावणं कोणा थोर माणसाला. प्रश्न काय, तर पास होईन का, लग्न कोणाशी होईल. आलेल्या थोर आत्म्याला तिकडे कसं आहे म्हणून विचारल्याचं ऐकिवात नाही. इंग्रजांकडून फळी घेतली, पण सवय आपली ठेवली. फरक एवढाच की कावळ्यापुढे आपण शब्द द्यायचो, वाटीकडे मागायला लागलो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भुताला आवाहन करून लोकांत घबराट पसरवणं त्याच्या अनुसूचीत आहे. याच खुनाच्या तपासात प्लँचेटचा आधार घेतला गेला, असा आरोप २०१४ मध्ये झाला. पोलिस अधिकाऱ्याने तो नाकारला. खरंखोटं काही असो, असा आरोप होऊ शकला आणि लोकांना तो अशक्य वाटला नाही, हीच मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीने फेब्रुवारी २०२० मध्ये एक माहितीपट दाखवला. आजारपणात गेलेल्या सात वर्षांच्या मुलीची संगणकाने बनवलेली प्रतिमा, आणि डोळ्यांवर आभासी जग दाखवणारं व्हीआरचं यंत्र, हातात मोजे घालून तिला भेटणारी आई. मुलगी धावत येते, बोलते, दोघी मिळून वाढदिवस करतात. मुलीच्या तोंडचे शब्द कार्यक्रम करणाऱ्यांनी आधी ठरवलेले होते, हे आईला माहीत होतं, बघणाऱ्यांनाही. यूट्यूबवर तो तुकडा कोट्यवधी वेळा पाहिला गेला आहे.